आकडे तेच, सूर वेगळा

निरवांगी ही माझी सासुरवाडी. वालचंदनगरपासून जवळ, नीरेच्या काठी, चहूबाजूंनी ऊस. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी तिथं हवाईयन गिटार घेऊन गेलो होतो. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची ही गिटार. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त तिच्यावर राग वाजवले. आमच्यासारखे हौशी लोक चित्रपटगीतांवरच थांबले. सासरे ओसरीवर बसून ऐकत आणि एका ठरावीक जुन्या गाण्याची फर्माईश करत. पुढं दरवर्षी तेच गाणं, तीच ओसरी.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. अंगणात मांडव, तीनेकशे माणसं. जावईबापूंनी गिटार वाजवायची, असं मेहुण्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये महिनाभर सराव केला. रात्री जेवणं उरकल्यावर, शेजाऱ्यांची झोप मोडू नये अशा बेतानं. खर्जाची तार पोकळ वाटत होती म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा बेस चढवत चढवत आठवर नेला. ट्रेबल चारवर. मनासारखा गोड आवाज लागला आणि बँकेतल्या जुन्या सवयीनं दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवले.

मांडवात तेच आकडे लावले. साउंडवाल्यानं माझ्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर माइक ठेवून आवाज त्याच्या दोन टॉप आणि दोन बेसमधून बाहेर सोडला. पहिलंच गाणं अर्थातच सासऱ्यांचं. सुरुवात केली आणि रांजणात तोंड घालून कुणीतरी गातंय असा घुमारा सुरू झाला. सूर स्पष्ट येईना म्हणून मी आवाज वाढवला. घुमारा आणखी वाढला. गाणं संपलं, टाळ्या पडल्या. मांडवातल्या टाळ्या कशालाही पडतात. बावीस-तेवीस वर्षांचा तो साउंडवाला वाकून हळूच म्हणाला, "काका, आवाज वाढवू नका. बेस काढा." त्यानं बेस चारवर आणला आणि पुढची दोन गाणी गिटारसारखी वाजली.

पोरानं जे कानानं ओळखलं, ते अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये आलेखावर मांडलं होतं. आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. आवाज हलका असला की खर्ज त्याला फारच कमी ऐकू येतो; मधले, जरा वरचे सूर मात्र नीट पोचतात. आवाज मोठा झाला की ही तफावत घटते आणि खर्ज पुढं सरसावतो. म्हणजे फ्लॅटमध्ये मी माझ्या कानाची तूट बेसनं भरून काढली होती. मांडवात ती तूट उरलीच नव्हती, भरणा मात्र तसाच राहिला. जुन्या टेपरेकॉर्डरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं, आठवतं? ते हलक्या आवाजात हीच तूट भरून काढायचं. आमच्या घरी ते कायम दाबलेलं असे, मग आवाज कितीही असो.

शिवाय अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर रेटला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि मूळ सुरात नसलेले सूर त्यात मिसळतात. रॉकवाल्यांना ते हवं असतं. जुन्या भावगीताला ते फाटलेल्या गळ्यासारखं वाटतं. आणि हिशेबही आतबट्ट्याचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे वीज दहापट. दहापट भांडवल आणि दुप्पट उत्पन्न! असा कर्जप्रस्ताव मी टेबलावरूनच परत पाठवला असता.

पूर्वी गावात झाडाला भोंगा बांधत. त्यातून खर्ज जवळजवळ येतच नसे. गाणं किरटं वाटे, पण उसाच्या पलीकडच्या वस्तीवर शब्द न् शब्द कळे. आता बेसची खोकी आली आहेत. छातीत धडधडतं, पण शब्द शोधावे लागतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम झोपेसाठी चांगलाच आहे. दहाच्या आत सुराचं काय होतं, ते मात्र ज्याचं त्यानं बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सासरे म्हणाले, "जावईबापू, काल आमचं गाणं राहिलंच की."

मी कपाकडे बघत राहिलो. चाळीस वर्षांजवळ ऐकलेलं गाणं, त्यांच्यासाठीच वाजवलेलं, आणि ते त्यांना ओळखू आलं नव्हतं. वयानं कानाचे वरचे सूर आधी जातात; तार छेडल्याचा जो टोकदार क्षण असतो, ज्यावरून चाल कळते, तोच बोथट होतो. वर अशा कानाला हलकं ऐकू येत नाही आणि थोडं वाढवलं की एकदम टोचतं. मधली पट्टी अगदी अरुंद राहते. मी त्यांना खर्जाच्या घुमाऱ्याखाली दाबून टाकलं होतं.

अ‍ॅम्प्लिफायर ओसरीवर आणला. त्यांच्या खुर्चीपासून तीन हातांवर. बेस तीन, ट्रेबल सात. माझ्या कानाला तो आवाज पत्र्यासारखा लागत होता. आवाज थोडा थोडा वाढवत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. भुवया आक्रसल्या, तिथून एक घर मागं आलो. अंतऱ्याला त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागलं.

"हेच वाजवलं होतं काल?"

"हेच."

"मग मला कसं नाही ऐकू आलं?"

डेसिबलचं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचं बोट अजून हलत होतं, म्हणून मुखड्यापासून पुन्हा धरलं.