झातारीतील पाणीटंचाई आणि तरुण मन : २०१२ ते २०२४

जॉर्डनमध्ये दरडोई वर्षाला १०० घनमीटरही पाणी उपलब्ध नसते. ही उपलब्धता ५०० घनमीटरांखाली गेली, की आत्यंतिक टंचाई मानली जाते. अशा देशाच्या मफ्राक प्रांतात, सीरियाच्या सीमेपासून जेमतेम बारा किलोमीटरवर, २८ जुलै २०१२ रोजी सीरियातील युद्धातून आलेल्या निर्वासितांसाठी झातारी छावणी सुरू झाली. वर्षभरात तिथली वस्ती लाखापलीकडे गेली आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक अठरा वर्षांखालचे होते.

सुरुवातीला सारे पाणी टँकरने येई. सार्वजनिक टाक्यांवरून कॅन भरून आणण्याचे काम बहुधा मुलांकडे असे, त्यामुळे शाळा बुडे आणि टाकीवर भांडणे होत. सामाईक स्वच्छतागृहांकडे रात्री जायला मुली घाबरत. अनेक कुटुंबांनी ही स्वच्छतागृहे उखडून तेच साहित्य आपल्या निवाऱ्याशेजारी नेले. याला केवळ नासधूस म्हणणे अन्यायाचे आहे. लोकांना आडोसा हवा होता. युद्धातून आलेल्या कोवळ्या मनांवर ही रोजची धास्ती आणि लाज नव्याने लादली गेली.

छावणीबाहेरही सुख नव्हते. मफ्राक शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येई. निर्वासितांमुळे पाणी आटले, ही स्थानिकांची तक्रार सीरियन तरुणांच्या कानावर पडत राही.

पुढे छावणीतच विहिरी खोदल्या गेल्या, युनिसेफच्या पुढाकाराने जलवाहिन्या टाकल्या आणि २०१९ पर्यंत पाणी घरोघरी पोहोचले. माणशी रोज सुमारे ३५ लिटर पाणी मिळू लागले. प्रमाण बेताचेच होते, पण खात्रीचे, आणि दाराशी. तरुणांच्या दृष्टीने या खात्रीचे मोल लिटरच्या आकड्याहून मोठे होते.

मनाच्या उपचारांची वाट मात्र वेगळीच राहिली. उत्तर जॉर्डनच्या शहरांत मर्सी कोअर या मदतसंस्थेने १२ ते १८ वयाच्या सीरियन व जॉर्डनी मुलांसाठी मानसिक आधाराचा आठ आठवड्यांचा उपक्रम चालवला. संशोधक कॅथरीन पँटर-ब्रिक आणि राना दजानी यांच्या चमूने त्याचे परिणाम तपासले, तेव्हा मुलांच्या केसांतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेले आढळले. असुरक्षिततेची भावनाही कमी झाली.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातील असद राजवट कोसळली आणि परतीचा ओघ सुरू झाला. तिथली पाणीव्यवस्था मात्र युद्धात मोडकळीस आली आहे. परतणाऱ्या तरुणांसाठी नळ आणि समुपदेशन यांची तरतूद एकाच योजनेत व्हायला हवी.