राजस्त्रियांची शिरोभूषणे : ब्रिटिश राजघराण्यातील टोपी आणि टियारा

प्रस्तावना :

वेशभूषा ही केवळ सौंदर्याची बाब नसून ती सामाजिक दर्जाची भाषा असते, हे समाजशास्त्र व इतिहास या दोन्ही विद्याशाखांनी मान्य केले आहे. मात्र या भाषेचा अभ्यास करताना लक्ष प्रामुख्याने वस्त्रांकडे जाते आणि मस्तकावरील अलंकार संग्रहालयाच्या सूचीपुरते उरतात. वस्तुतः मस्तक हा मानवी देहाचा सर्वांत प्रतिष्ठित भाग मानला गेल्याने, त्यावर कोणी काय धारण करावे, याविषयीचे संकेत बहुतेक समाजांत इतर कोणत्याही अलंकारापेक्षा अधिक काटेकोर आहेत. ब्रिटिश राजघराण्यातील स्त्रिया औपचारिक प्रसंगी वापरतात त्या टोप्या व टियारा हे या काटेकोरपणाचे आजही जिवंत असलेले उदाहरण होय. या शिरोभूषणांमागील संकेत, त्यांची घडण आणि त्यांतील रत्नांचा प्रवास यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. यांपैकी तिसरा मुद्दा भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो.

संज्ञेचा प्रश्न :

मराठी वृत्तपत्रांत ‘टियारा’ या शब्दासाठी सर्रास ‘मुकुट’ हा प्रतिशब्द योजला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. मुकुट हा पूर्ण वर्तुळाकार असून तो राज्याधिकाराचे चिन्ह असतो. ब्रिटनमध्ये तो राजा वा राज्यकर्ती राणी आणि राज्याभिषेकाच्या वेळी राजाची पत्नी यांच्याच मस्तकी चढतो. टियारा हा बहुधा अर्धवर्तुळाकार, मागील बाजूस मोकळा असा रत्नजडित अलंकार असून त्याला राज्याधिकाराशी काहीही कर्तव्य नाही. धनाढ्य घराण्यातील कोणतीही विवाहिता तो घालू शकते. ‘शिरपेच’ हा शब्दही येथे चालत नाही, कारण शिरपेच, तुरा व कलगी ही पुरुषाच्या पगडीची भूषणे होत. मराठी स्त्रीच्या मूद, राखडी, केवडा, बिंदी-बिजवरा या अलंकारांचे स्थान वेणीत, अंबाड्यावर वा भांगात असते. ते केसांना सजवतात, मस्तकाची उंची वाढवत नाहीत. म्हणून ‘टियारा’ हीच संज्ञा मराठीत जशीच्या तशी स्वीकारणे इष्ट होय.

हा शब्द मुळात प्राचीन इराणी राजपुरुषांच्या शिरस्त्राणासाठी ग्रीकांनी वापरला होता. आजच्या अर्थाचा टियारा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनच्या दरबारात प्रतिष्ठित झाला. रोमन साम्राज्याचा वारसा सांगू पाहणाऱ्या त्या दरबाराने लॉरेलच्या पानांचा प्राचीन विजयमुकुट सम्राज्ञी जोसेफिन व तिच्या परिवारातील स्त्रियांसाठी हिऱ्यामोत्यांत घडवून घेतला. तेथून ही प्रथा युरोपातील सर्व राजघराण्यांत पसरली.

दिवसा टोपी, रात्री टियारा :

ब्रिटिश राजशिष्टाचारात शिरोभूषणाची विभागणी घड्याळाप्रमाणे होते. दिवसाच्या समारंभांना टोपी आणि सायंकाळी सहानंतरच्या औपचारिक प्रसंगांना, विशेषतः परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या सन्मानार्थ होणाऱ्या राजभोजनास, टियारा असा हा संकेत आहे. याला अपवाद वधूचा. ती भर दुपारीही टियारा धारण करते. विवाहापूर्वी सर्वसाधारण स्त्री टियारा घालत नाही. राजकन्या मात्र जन्मसिद्ध दर्जामुळे या बंधनातून मोकळ्या असतात. म्हणजे टियारा पाहून त्या स्त्रीची वैवाहिक स्थिती वाचता येत असे. आपल्याकडील मंगळसूत्राशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु मंगळसूत्र नित्य असते, टियारा नैमित्तिक. अधिक जवळचे साम्य मुंडावळ्यांचे होय, फक्त त्या वधूवर दोघांच्याही कपाळी बांधल्या जातात, हा भेद लहान नाही.

टोपीचे मूळ धार्मिक आहे. प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावे, हा संत पॉलच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आदेश ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके पाळला. देवळात वा वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेण्याच्या आपल्या रीतीमागेही मर्यादेची अशीच कल्पना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील प्रतिष्ठित स्त्री उघड्या डोक्याने घराबाहेर पडणे हे अशिष्ट समजले जाई. पुढे सामान्य जनांनी टोपी टाकली, राजघराण्याने ती राखली, आणि त्यामुळेच जी वस्तू एके काळी सर्वांची होती ती राजेपणाची खूण बनली.

राणी एलिझाबेथ द्वितीय हिच्या टोप्यांचा विचार केल्यास त्यांमागील व्यावहारिक दृष्टी लक्षात येते. गर्दीतील शेवटच्या माणसालाही राणी दिसली पाहिजे, म्हणून रंग भडक. चेहरा झाकला जाऊ नये, म्हणून कड आखूड वा वर वळवलेली. १९७७ च्या राज्यारोहण रौप्यमहोत्सवातील तिची गुलाबी टोपी फ्रेडरिक फॉक्स या कारागिराने बनवली होती आणि तिला कापडाची पंचवीस घंटाफुले लोंबत होती, म्हणजे राज्याच्या प्रत्येक वर्षाला एक फूल. तथापि सारी योजना एखाद्या क्षुल्लक गोष्टीने फसते. मे १९९१ मध्ये वॉशिंग्टन येथे व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राणीने भाषण केले, तेव्हा ध्वनिक्षेपकांचे मेज तिच्या उंचीच्या मानाने इतके उंच होते, की प्रेक्षकांना केवळ बोलणारी टोपी दिसली.

टोपीचा राजकीय अर्थ लावला गेल्याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१७ चे आहे. मुदतपूर्व निवडणुकीनंतर घाईने भरलेल्या संसदेच्या उद्घाटनास, २१ जून २०१७ रोजी, राणी मुकुट व राजवस्त्रे न घालता दिवसाच्या साध्या पोशाखात आली. असे यापूर्वी मार्च १९७४ मध्ये घडले होते. तिच्या निळ्या टोपीवर पिवळी फुले होती. युरोपीय संघाच्या निळ्या ध्वजावरील पिवळ्या ताऱ्यांशी त्यांचे साम्य पाहून, ब्रिटनच्या संघत्यागाविषयी राणीने मूक मत नोंदवले काय, अशी चर्चा जगभर झाली. तिची वेशभूषाकार अँजेला केली हिने पुढे आपल्या पुस्तकात हा निव्वळ योगायोग असल्याचे सांगितले. योगायोग असो वा नसो, जिला राजकीय मत उच्चारण्याची मुभा नाही अशा व्यक्तीच्या टोपीत लोक मत शोधू लागतात, हे येथे अधिक लक्षणीय आहे.

घडण आणि पुनर्घडण :

टियारा ही स्थिर वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक टियारा सुटे होणारे असतात. सांगाड्यावरून काढले की त्यांचा कंठहार होतो, मधले फूल काढले की ब्रोच. एकोणिसाव्या शतकात हिरे चांदीच्या कोंदणात बसवून मागे सोन्याचा आधार देत; विसाव्या शतकात प्लॅटिनमच्या वापराने कोंदण नाजूक व हलके झाले. कडेला केसांच्या रंगाची मखमल गुंडाळून टियारा केसांत अडकवला जातो.

या सुटेपणाचा धोका २० नोव्हेंबर १९४७ रोजी दिसून आला. त्या दिवशी राजकन्या एलिझाबेथचा विवाह होता. तिने घालावयाचा झालरीच्या घाटाचा टियारा तिची आजी राणी मेरी हिच्यासाठी १९१९ मध्ये गॅरार्ड या सराफी पेढीने घडवला होता. त्यातील हिरे मेरीला १८९३ मध्ये विवाहप्रसंगी राणी व्हिक्टोरियाकडून मिळालेल्या कंठहाराचे. विवाहाच्या सकाळी, वधूच्या मस्तकी चढवतानाच त्याचा सांगाडा मोडला, आणि तो तातडीने दुरुस्त करून आणावा लागला. पुढे राजकन्या अ‍ॅन (१९७३) व राजकन्या बिअट्रिस (२०२०) यांनीही आपापल्या विवाहात हाच टियारा धारण केला.

राणी मेरी हिला या संग्रहाची खरी शिल्पकार म्हणावे लागेल. तिची रत्नांची हाव आणि तिची इतिहासदृष्टी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. १८९३ मध्ये ‘ग्रेट ब्रिटन व आयर्लंडच्या मुली’ या नावाने वर्गणी गोळा करून तिला जो टियारा भेट देण्यात आला, त्याच्या निधीतील उरलेली रक्कम तिने त्याच वर्षी बुडालेल्या ‘व्हिक्टोरिया’ या युद्धनौकेवरील नौसैनिकांच्या कुटुंबीयांस देवविली. हाच टियारा तिने १९४७ मध्ये नातीला दिला आणि तो राणीच्या नोटांवरील चित्रांमुळे जगाला परिचित झाला. दुसरीकडे, रशियन क्रांतीच्या काळात पेट्रोग्राडमधून गुप्तपणे बाहेर काढलेला ग्रँड डचेस मारिया पाव्हलोव्हना हिचा टियारा मेरीने १९२१ मध्ये तिच्या मुलीकडून विकत घेतला. त्यातील मोत्यांच्या जागी पाचूही लटकवता यावेत, अशी सोय तिने करून घेतली. एका राजघराण्याची वाताहत दुसऱ्याच्या पेटीत जमा झाली, ती अशी.

हिंदुस्थानशी असलेला संबंध :

१२ डिसेंबर १९११ रोजी भरलेल्या दिल्ली दरबारासाठी राजा पंचम जॉर्ज याच्याकरिता स्वतंत्र मुकुट घडवण्यात आला, कारण राज्याभिषेकाचा मुकुट देशाबाहेर नेण्याची परंपरा नव्हती. या मुकुटाचा खर्च हिंदुस्थानच्या माथी मारण्यात आला. मुकुट मात्र लंडनला परत गेला आणि पुन्हा कधीही वापरला गेला नाही. मेरीसाठी याच प्रसंगी गॅरार्डने उंच, पूर्ण वर्तुळाकार असा ‘दिल्ली दरबार टियारा’ घडवला. त्यावरील पाचू तिची आजी, केंब्रिजची डचेस हिला १८१८ मध्ये फ्रँकफर्ट येथे सोडतीत मिळाले होते. याखेरीज ‘हिंदुस्थानच्या स्त्रियां’तर्फे पतियाळाच्या महाराणीने मेरीला पाचूंचा हार अर्पण केला. या ‘स्त्रियां’त शेतात राबणारी एकही नसणार, हे सांगावयास नको.

याच दरबारातील एक मराठी प्रसंग येथे नोंदवणे आवश्यक आहे. सर्व संस्थानिक रत्नांनी मढून आले असता बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड अत्यल्प अलंकारांनिशी, हातात काठी घेऊन सम्राटासमोर गेले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. ब्रिटिश वृत्तपत्रांत गदारोळ उठला व महाराजांना दिलगिरीचे पत्र द्यावे लागले. जेथे अलंकार घालणे हीच निष्ठेची भाषा होती, तेथे ते न घालणे हेही विधान ठरले.

दुसरे उदाहरण निजामाच्या भेटीचे. राजकन्या एलिझाबेथच्या विवाहानिमित्त हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याने, लंडनमधील कार्तिए पेढीतून तिने स्वतः हवी ती भेट निवडावी, अशी व्यवस्था केली. तिने गुलाबफुलांच्या घाटाचा हिऱ्यांचा टियारा व एक हार निवडला. या वेळी हैदराबाद भारतात सामील झालेले नव्हते. मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या अमलाखाली होते व तेथे मुक्तिसंग्राम सुरू होता. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपला. संस्थानिकाची खाजगी संपत्ती आणि रयतेचा महसूल यांत निश्चित रेषा आखणे अवघड असते. म्हणून ही भेट ‘निजामाची’ म्हणताना औरंगाबाद-परभणीच्या शेतकऱ्याचा त्यात वाटा नव्हता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

या टियाराचे पुढे काय झाले? १९७३ मध्ये तो मोडण्यात आला. त्यातील हिरे वापरून गॅरार्डने नवा टियारा घडवला आणि त्यात ब्रह्मदेशाच्या जनतेने त्याच विवाहात भेट दिलेली ९६ माणके बसवली. मानवी देहाला जडणाऱ्या ९६ व्याधींपासून ती रक्षण करतात, अशी तेथील श्रद्धा आहे. म्हणजे हैदराबादचे हिरे व ब्रह्मदेशाची माणके, साम्राज्याबाहेर पडू पाहणाऱ्या दोन प्रदेशांच्या भेटी, एकाच दागिन्यात विरून गेल्या. निजामाचा हार मात्र टिकला. केंब्रिजची डचेस कॅथरिन हिने तो २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतील समारंभात घातला होता.

मालकीचा प्रश्न आणि २०२३ चा राज्याभिषेक :

राज्याभिषेकाची चिन्हे राजाकडे राजपदाच्या नात्याने असतात व ती लंडनच्या टॉवरमध्ये जनतेस पाहता येतात. बहुतेक टियारा मात्र खाजगी वारशात मोडतात. १९९३ मधील करविषयक व्यवस्थेनुसार एका राज्यकर्त्याकडून पुढील राज्यकर्त्याकडे जाणाऱ्या वारशावर वारसाकर आकारला जात नाही. त्यामुळे ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणीच्या निधनानंतर यांतील कोणता अलंकार कोणत्या किमतीचा, हे जाहीर होण्याचा मार्गच राहिला नाही. राष्ट्रांनी राणीला राणी म्हणून दिलेली भेट खाजगी कशी होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर या व्यवस्थेत मिळत नाही.

६ मे २०२३ रोजी राजा तिसरा चार्ल्स याच्या राज्याभिषेकात युवराज्ञी कॅथरिन व तिची कन्या शार्लट यांनी वारशाचा टियारा टाळून चांदीच्या तारेची व स्फटिकांची पर्णमाला घातली. राणी कॅमिला हिने राणी मेरीचा १९११ चा मुकुट वापरला. त्या मुकुटात मुळात कोहिनूर होता. १८४९ मध्ये पंजाब जिंकल्यावर अल्पवयीन महाराजा दुलीपसिंगाकडून घेतलेला हा हिरा १९०२, १९११ व १९३७ च्या राज्याभिषेकांत राण्यांच्या मुकुटांत मिरवला होता. भारताच्या मागणीची चर्चा असल्याने या वेळी तो बसवण्यात आला नाही. त्याऐवजी कलिनन हिऱ्याचे तिसरा, चौथा व पाचवा हे खंड बसवण्यात आले. कलिनन हा १९०५ मध्ये ट्रान्सवालमधील खाणीत सापडलेला हिरा असून, दक्षिण आफ्रिकेतही तो परत मिळावा अशी मागणी केली गेली आहे.