क्यू आणि जे यांची जागा

गेल्या वर्षी इंग्रजी शब्दखेळाच्या एका स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरले. खेळ स्क्रॅबलचा होता. फळीवर ए हे अक्षर मोकळे होते, माझ्या हातात क्यू, डी आणि आय उरले होते आणि पिशवी रिकामी झाली होती. क्यूचे १० गुण असतात. पण खेळ संपताना ते हातात राहिले तर तेच १० वजा होतात. यू नाही तर क्यूचा उपयोग काय, असे म्हणून मी स्वस्थ बसले आणि गुण गमावले. पुढे दोन महिन्यांनी ग्रंथालयातला मोठा कोश चाळताना क्यू-ए-डी-आय असा शब्द दिसला. अर्थ पाहते तो मुसलमानी कायद्याप्रमाणे न्याय देणारा. म्हणजे आपला काझी! बेंबळीत कोणालाही ठाऊक असलेला हा शब्द इंग्रजीतही असेल, असे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते. त्या दिवशी मी एक वही घातली. तिच्याविषयीच लिहायचे आहे.

मुळात अडचण अशी की, शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला असतो. पण मध्ये झेड आणि शेवटी वाय असलेला शब्द हवा असला, तर तोच कोश मुका होतो. आपली आठवणही तशीच लावलेली आहे. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, तरी भेंड्यांत तिच्यापुढे कोणी टिकत नाही. 'म' म्हणा, की म वरून गाणे तयार. मात्र 'जिच्या मधोमध ग येतो अशी ओवी सांग' म्हटले, तर ती मलाच वेड्यात काढील. आणि भेंडी ळ किंवा ण वर येऊन थांबली, की तीही अडते. कारण या अक्षरांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाहीत. मग ळ चा ल आणि ण चा न करून घ्यायचा, ही आमच्या घरची तडजोड.

इंग्रजीचे कुलूप मला याच किल्लीने उघडले. अक्षर शोधत बसू नये; ते कोठे बसते आणि कोणाच्या शेजारी बसते, हे पाहावे. जे हे अक्षर घ्या. अस्सल इंग्रजी शब्दाच्या शेवटी ते बसत नाही. तेथे तो उच्चार आला, तर जी-ई किंवा डी-जी-ई लिहितात. 'जज' या एकाच शब्दात पहिला ज जे ने आणि दुसरा डी-जी-ई ने लिहिला जातो, ही गंमत मी बारावीपर्यंत पाठ केली होती, पण पाहिली नव्हती. व्हीसुद्धा शेवटी एकटे राहत नाही, मुक्या ई ला बरोबर घेते : गिव्ह, हॅव्ह, लव्ह. उलट एक्स शेवटी सुखाने बसते : बॉक्स, फॉक्स, सिक्स. स्वर हातात नसले तर वाय धरावे. स्काय, फ्लाय, रिदम हे त्याच्या जिवावर उभे आहेत.

दुसरी युक्ती शेपटांची. समजा हातात जी, ए, एन, डी, आर, आय, ई आहेत. सातही अक्षरांकडे एकदम पाहिले तर डोके फिरते. त्यातून आय-एन-जी बाजूला काढा. उरलेल्या चारांत रीड दिसते आणि रीडिंग तयार होते. सातही अक्षरे एका खेळीत लावली तर ५० गुण जास्तीचे. म्हणून माझ्या वहीत पाने पहिल्या अक्षराची नाहीत, शेवटाची आहेत. ही कल्पना माझी असे मी काही दिवस समजत होते. पण इंग्रजीत जॉन वॉकर याने १७७५ मध्ये शेवटच्या अक्षरांवरून लावलेला कोश काढला होता आणि आपल्या अमरकोशात तर नानार्थवर्गातले शब्द त्याच्याही कितीतरी आधी अंत्य व्यंजनाप्रमाणे, म्हणजे क ने संपणारे, मग ख ने संपणारे, असे लावलेले आहेत!

अक्षरांचे भावही मनाने ठरवलेले नाहीत. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाची नोकरी मंदीच्या काळात गेली. तेव्हा त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून हा खेळ बसवला. १०० सोंगट्यांत ई १२, ए आणि आय नऊ-नऊ. क्यू, झेड, जे, एक्स, के प्रत्येकी एकच. एस मुद्दाम चारच, नाहीतर अनेकवचने करूनच लोक जिंकले असते. मराठीत असा खेळ करायचा तर चौतीस व्यंजनांची नुसती बाराखडीच ४०८ होते, जोडाक्षरे वेगळीच. आपल्या शब्दकोड्यात 'स्त्री' एका चौकटीत मावते.

आता पुन्हा काझीकडे. जे आणि क्यू या अडलेल्या जागा भरल्या त्या बाहेरून आलेल्या शब्दांनी. जे ने संपणारे शब्द शोधायला मी बसले आणि सापडले कोणते? राज, ताज, हज, स्वराज! अरबीतला घशातला क रोमन लिपीत क्यूने लिहिण्याची विद्वानांची पद्धत आहे. तिच्यामुळे यूशिवायचा क्यू इंग्रजीत आला : काझी, तलाक, कव्वाली, फकीर. कनात हाही त्यातलाच, पण तो तंबूचा नव्हे, भूमिगत कालव्याचा. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर या जातीची. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी भाषा उर्दू होती. त्यामुळे हे शब्द आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी इंग्रजीच्या आधीपासून होते. (स्क्रॅबल हे नावही १९४८ चेच, हा केवळ योगायोग.) पुढे कोशात ज्वारी भेटली, खरीप भेटला. शेतातून घरी आलेल्या माझ्या वडिलांना मी 'जोवार' दाखवले तेव्हा ते म्हणाले, "मग साहेबाला भाकरी येते का थापायला?"

मोबाइलमध्ये अक्षरे टाकली की आता क्षणात शब्दांची यादी येते, हे मला ठाऊक आहे. मैत्रिणी तसेच करतात आणि मला हरवतात. परंतु त्या यादीत काझी नुसता १४ गुणांचा असतो.

वहीत व्हीने संपणाऱ्या शब्दांचे पान मात्र अजून जवळजवळ कोरे आहे. रेव्ह आणि स्पिव्ह एवढेच सापडले. कोणाजवळ आणखी असल्यास दुपारी ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर मी असते. अर्थ सांगता आला पाहिजे, एवढीच अट.