‘कार्ड चालते का जी?’

आमच्या भंडारा जिल्ह्यात कुणी गंभीर आजारी पडलं, की शेजारीपाजारी दोनच प्रश्न विचारतात. ‘नागपूरला नेलं का?’ आणि ‘कार्ड चालते का जी?’ पहिला प्रश्न पूर्वापार आहे, दुसरा गेल्या दहा-बारा वर्षांतला. हे कार्ड काय देतं आणि काय देत नाही, ते आज जरा उलगडून सांगतो.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपला जिल्हा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती इतर जिल्ह्यांबरोबर भंडाऱ्यात आली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची ‘आयुष्मान भारत’ आली, २०२० मध्ये दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. १ जुलै २०२४ पासून मर्यादा पाच लाखांची झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही दार उघडलं. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘जीवनदायी’च आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, २०१५ साली छातीत कळ आली. नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. तो कागद तपासतो, नोंद करतो. आमचा आरोग्यमित्र पंचविशीतला पोरगा होता. कागद पाहून म्हणाला, ‘चाचा, नाव जुळत नाही जी.’ शिधापत्रिकेवर आपाच्या नावापुढे ‘बी’ होतं, मतदार ओळखपत्रावर ‘बेगम’. आमच्या बायकांची नावं सरकारी दप्तरात लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतात. मी कवी माणूस, वेलांटी-अनुस्वारावरून संपादकांशी भांडत आलो. पण एका शब्दावर माणसाचं हृदय अडलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. भाचा रातोरात भंडाऱ्याला गेला, दुसऱ्या दिवशी तहसिलीतून दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा दाखला घेऊन आला. खरं तर, रुग्णाची स्थिती तातडीची असेल तर फोनवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे. ते आम्हाला त्या काउंटरवर कुणी सांगितलं नाही.

उलट वीस हजार रुपये ‘तूर्त’ भरायला सांगितले. भाचा म्हणाला, ‘भरतो, पावती द्या.’ त्यानंतर पैशाचा विषय निघाला नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. प्रत्येक उपचाराची रक्कम सरकारने आधीच ठरवलेली असते. खाट, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, जेवण आणि घरी परतण्याचं भाडंसुद्धा त्यातच धरलेलं आहे. रुग्णालय आधी मान्यता मागतं, मग उपचार करतं, मग योजनेकडे बिल पाठवतं. रक्कम ठरलेली म्हटल्यावर खर्च जितका कमी, तितकी शिल्लक जास्त. काही ठिकाणी ही शिल्लक रुग्णाच्या सेवेतून काढली जाते. आपाच्या डॉक्टरांचा हात उत्तम होता, त्याबद्दल शंकाच नाही. पण रात्री वॉर्डात एकच नर्स होती. सलाइनची बाटली संपली, की भाचाच धावत जाऊन तिला बोलावून आणायचा.

कार्डाने बिल भागतं. वॉर्डात रात्री किती माणसं जागी असतील, वीजतारा कधी तपासल्या जातील, हे कार्ड ठरवत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, आजारी नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली. ती मजुरी करणाऱ्या, खेड्यापाड्यांतल्या घरांची होती. त्या आयांपुढे बिलाचा प्रश्न नव्हताच. तेव्हापासून कुणी पाच लाखांचा आकडा अभिमानाने सांगितला, की मला तो कक्ष आठवतो. आकडा मोठा हवाच, पण पैसा वॉर्डापर्यंत पोचतो का, हेही विचारायला हवं.

आणखी एक. योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. घरी आल्यावर बहुतेक उपचारांनंतर दहा दिवसांचीच औषधं तिच्यात बसतात. आपाला रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र जन्मभर लागणार आहेत. सरकारी दवाखान्यात साठा असला तर त्या फुकट मिळतात, नसला तर मेडिकलवाल्याची उधारी. हृदयविकार, मधुमेह, आपल्याकडचा सिकलसेल, हे आजार रोजच्या गोळ्यांवर आवरतात. त्या गोळीसाठी ही योजना नाही. गोळी चुकून रुग्ण अत्यवस्थ झाला, की मात्र योजना हजर.

आपली शिधापत्रिका आणि आधार आज संध्याकाळीच समोरासमोर ठेवून पाहा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मसाल. फरक असेल तर धडधाकट असतानाच दुरुस्त करून घ्या. रुग्णालयात कुणी पैसे मागितले तर आधी पावती मागा, आणि १५५३८८ हा योजनेचा क्रमांक घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये ठेवा. आमच्या मोहल्ल्यात आता भाचाच लोकांचे कागद तपासतो. गेल्या महिन्यात एका घरात त्याला तीन कागदांवर तीन आडनावं सापडली.