अभियंत्यांच्या नेतृत्वविकासासाठी पदव्युत्तर शिक्षण : एम.आय.टी.च्या संयुक्त अभ्यासक्रमाचा अभ्यास

प्रस्तावना :

अभियांत्रिकीचा पदवीधर नोकरीच्या प्रारंभी मुख्यतः यंत्रे, आराखडे आणि आकडेमोड यांत गुंतलेला असतो. काही वर्षांनी त्याच्या कामाचे स्वरूप पालटते. माणसे, वेळ, खर्च आणि परस्परविरोधी मागण्या यांचा मेळ घालणे हेच त्याचे प्रमुख कार्य बनते. त्याला बढती मिळते ती तांत्रिक गुणवत्तेवर. परंतु बढतीनंतरच्या कामास लागणारी गुणवत्ता मात्र निराळी असते. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याची जबाबदारी पदव्युत्तर शिक्षणाने कशी स्वीकारावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथे 'नेतृत्व' या संज्ञेचा अर्थ अधिकारपद असा नसून, ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही अशांचेही सहकार्य मिळवून तांत्रिक कार्य तडीस नेण्याची क्षमता असा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) एम.आय.टी.तील संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना समजून घेणे.
२) नेतृत्वविकासातील प्रत्यक्ष कार्यानुभवाचे स्थान स्पष्ट करणे.
३) आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर प्रबंधाच्या संदर्भात त्याचा विचार करणे.

अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी व रचना :

१९८० च्या दशकात मोटारी व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठेत जपानी उद्योगांनी अमेरिकन उद्योगांसमोर मोठे आव्हान उभे केले. या पिछेहाटीची कारणे शोधण्यासाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एम.आय.टी. या संस्थेने १९८६ मध्ये औद्योगिक उत्पादकता आयोग नेमला. त्याचा अहवाल १९८९ मध्ये 'मेड इन अमेरिका' या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला. याच वातावरणात १९८८ मध्ये या संस्थेची अभियांत्रिकी विद्याशाखा, स्लोन व्यवस्थापन विद्यालय आणि काही उद्योगसमूह यांनी एकत्र येऊन 'लीडर्स फॉर मॅन्युफॅक्चरिंग' हा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे कारखान्यांबरोबर पुरवठा साखळी व सेवाक्षेत्र यांचाही त्यात समावेश झाला आणि २००९ मध्ये त्याचे नाव 'लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स' असे करण्यात आले.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातून व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी अशा दोन्ही शाखांतील पदव्युत्तर पदव्या मिळतात. प्रवेशासाठी प्रत्यक्ष कामाचा पूर्वानुभव अपेक्षित असतो. दोन पदव्या हे त्याचे आकर्षण असले, तरी सहभागी उद्योगातील सहा महिन्यांचे काम हा त्याचा खरा कणा होय. विद्यार्थ्याला तेथे उद्योगाची एक खरी, न सुटलेली अडचण सोपविली जाते. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या दोन्ही बाजूंचे प्राध्यापक त्याला मार्गदर्शन करतात, आणि याच कामावर त्याचा प्रबंध आधारलेला असतो.

प्रत्यक्ष कार्यानुभवाचे महत्त्व :

या रचनेचे मर्म एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, पत्र्याचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात तयार भागांचा साठा सतत वाढत आहे. अभियंत्याच्या दृष्टीने दोष डाय बदलण्यास लागणाऱ्या वेळेत आहे. वेळ अधिक लागतो म्हणून एकाच भागाचे उत्पादन दीर्घकाळ चालू ठेवले जाते. व्यवस्थापकाच्या दृष्टीने दोष साठ्यात अडकलेल्या भांडवलाचा आहे. दोघांचेही निदान बरोबर आहे. तथापि, पाळीवरील पर्यवेक्षकाचे मूल्यमापन जर केवळ तयार नगांच्या संख्येवर होत असेल, तर डाय वारंवार बदलणे त्याला कधीही परवडणार नाही. डाय बदलण्याचा वेळ निम्म्यावर आणला तरी साठा कमी होईलच असे नाही. मूल्यमापनाची पद्धत बदलण्यासाठी उत्पादन, लेखा आणि मनुष्यबळ या तिन्ही विभागांची संमती हवी, आणि यांपैकी एकही विभाग विद्यार्थ्याच्या हाताखाली नसतो. अशा वेळी नेतृत्वाची कसोटी लागते. ही कसोटी वर्गातील व्याख्यानात निर्माण करता येत नाही.

याच विचाराची दुसरी परंपरा अभियंता-उद्योजक बर्नार्ड गॉर्डन यांच्या कार्यात दिसते. त्यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली गॉर्डन इन्स्टिट्यूट १९९२ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात समाविष्ट झाली. त्यांच्याच साहाय्याने नॉर्थईस्टर्न विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी नेतृत्व अभ्यासक्रमातही उद्योगाला उपयुक्त ठरणारा प्रकल्प पूर्ण करण्यास केंद्रस्थान आहे.

भारतीय संदर्भ :

भारतात हा विचार नवा नाही. मुंबईतील पवई परिसरात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या 'निटी' या संस्थेने औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणातून तंत्र व व्यवस्थापन यांची सांगड घातली. २०२३ मध्ये ही संस्था भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाऊ लागली. २००७ मध्ये जपानच्या सहकार्याने उत्पादन क्षेत्रासाठी दूरदर्शी नेतृत्व घडविणारा उपक्रम सुरू झाला. त्याचे मार्गदर्शक प्रा. शोजी शिबा यांनी एम.आय.टी.तही अध्यापन केले होते. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. या उपक्रमांतर्गत कानपूर व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था यांनी अनुभवी अभियंत्यांसाठी एक वर्षाचा संयुक्त अभ्यासक्रम आखला.

विचारणीय मुद्दे :

असे अभ्यासक्रम खर्चिक असतात व त्यांतील विद्यार्थिसंख्या मर्यादित असते. सर्वसामान्य महाविद्यालयास त्यांचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही. तथापि, आपल्याकडे एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाचा बहुतांश काळ प्रबंधासाठीच राखून ठेवलेला असतो. याचा अर्थ वेळ उपलब्ध आहे. प्रश्न त्याच्या विनियोगाचा आहे. प्रबंधाचा विषय केवळ मार्गदर्शकाच्या सोयीने ठरला, तर तो मौखिक परीक्षेनंतर कपाटात जातो आणि ज्याच्यासाठी उत्तर शोधले, असा कोणीही त्याची वाट पाहत नसतो.

यावर तीन उपाय संभवतात. पहिला, विषय परिसरातील कारखाना, पाणीपुरवठा विभाग किंवा सहकारी संस्था यांच्या अडचणीतून निवडावा. दुसरा, तांत्रिक मार्गदर्शकासोबत वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र विभागातील सहमार्गदर्शक नेमावा. बहुशाखीय महाविद्यालयांच्या सहकार्याने हे सहज शक्य आहे. तिसरा, मूल्यमापनात सुचविलेल्या उपायाबरोबरच तो स्वीकारला जावा यासाठी विद्यार्थ्याने केलेल्या प्रयत्नांचाही विचार व्हावा. उपाय नाकारला गेला असेल, तर नकाराच्या कारणांचे विश्लेषण हेही प्रबंधाचे एक प्रकरण ठरू शकते.

निष्कर्ष :

उपर्युक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमास व्यवस्थापनाची एखादी विषयपत्रिका जोडल्याने नेतृत्व घडत नाही. खरी अडचण, दोन विद्याशाखांचे मार्गदर्शन आणि परिणामाचे उत्तरदायित्व या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच ते घडण्याची शक्यता निर्माण होते. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नवी इमारत वा स्वतंत्र पदवी आवश्यक नाही. प्रबंधाचा विषय मंजूर करताना 'या उत्तराची गरज कोणाला आहे?' हा प्रश्न विचारण्याचा आग्रह आपण प्राध्यापकांनी धरला, तरी या दिशेने पहिले पाऊल पडेल.