मंदीच्या मोसमातले सूर

व्यापारी घराचे पंचांग निराळे असते. दिवाळी, लग्नसराई, मार्चअखेर अशा टप्प्यांनी वर्ष आखलेले असते आणि सुट्टी या टप्प्यांच्या मधल्या फटीत बसवावी लागते. म्हणूनच ती बहुधा घाईची होते. आठ दिवसांत पाच शहरे, रोज नवे हॉटेल, पहाटे बस आणि रात्री खरेदी, असा प्रवास करून कुटुंब घरी परतते तेव्हा विश्रांतीसाठी आणखी दोन दिवस लागतात.

याच कुटुंबांना एक गोष्ट मात्र इतरांपेक्षा अधिक कळते. मंदीच्या दिवसांत दुकानाचे रूप पालटते. गिऱ्हाईक थोडे असते, पण जो येतो त्याला बसायला सांगता येते, त्याच्या घरची विचारपूस करता येते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर ही काउंटी नोव्हेंबर ते मार्च या काळात अशीच असते. लाभपंचमीचा मुहूर्त आटोपला आणि मुलांच्या सुट्टीचे चार दिवस उरले की युरोपातला हा शांत मोसम नुकताच सुरू झालेला असतो.

रिकामा किनारा

क्लेअरचे नाव जगभर झाले ते मोहरच्या कड्यांमुळे. अटलांटिक महासागरावर सरळ उभे राहिलेले हे कडे सर्वांत उंच ठिकाणी २१४ मीटर आहेत. उन्हाळ्यात तेथे बसगाड्यांची रांग लागते. हिवाळ्यात वारा आणि पाऊस यांचे राज्य असते, वाऱ्याचा जोर फार वाढला तर कड्याची वाटही बंद ठेवावी लागते. अनेक निवासगृहे या काळात कुलूपबंद असतात आणि डूलिन गावाहून अरन बेटांकडे जाणाऱ्या बोटी थांबतात. जो पर्यटक ठिकाणांची यादी घेऊन येतो त्याची येथे निराशा होईल. एका गावात घर भाड्याने घेऊन आठ दिवस तेथेच राहणाऱ्याला मात्र हा प्रदेश हळूहळू उलगडत जातो.

थंडी आपल्या कल्पनेइतकी तीव्र नसते. महासागराच्या सान्निध्यामुळे किनाऱ्यावर बर्फ क्वचितच पडतो आणि दिवसाचे तापमान बहुधा ५ ते १० अंशांच्या दरम्यान राहते. ओल मात्र सतत असते. गवत भर हिवाळ्यातही हिरवेच दिसते, त्याचे कारण हेच.

डूलिनच्या ईशान्येस बरन नावाचा चुनखडीचा उजाड प्रदेश पसरला आहे. तेथील गुराख्यांची रीत पाहण्याजोगी आहे. अन्यत्र उन्हाळ्यात गुरे डोंगरावर नेतात आणि हिवाळ्यात खाली आणतात. बरनमध्ये याच्या उलट घडते. ऑक्टोबरअखेरीस गुरे डोंगरावर चढवली जातात, कारण उन्हाळाभर तापलेली चुनखडी उष्णता धरून ठेवते आणि पाणी झिरपून गेल्याने पायाखालची जमीन कोरडी राहते. गुरांनी हिवाळ्यात माजलेले गवत खाल्ले की वसंतात रानफुलांना उगवायला मोकळी जागा मिळते. ज्या महिन्यांना बाहेरचा माणूस रिकामे समजतो, त्याच महिन्यांत पुढच्या बहराची तयारी चाललेली असते. क्लेअरच्या संगीताविषयीही हेच म्हणता येईल.

पब म्हणजे काय

पब हा शब्द ऐकताच जैन घरातील वडीलधारी मंडळी थबकतात, आणि ते स्वाभाविक आहे. तेथे मद्य विकले जाते, ही वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही. परंतु आयर्लंडच्या खेड्यातील पब आणि आपल्या महानगरांतील त्याच नावाची जागा यांत फार अंतर आहे. अनेक जुन्या गावांत पब आणि किराणा दुकान एकाच छपराखाली चालत. एका फळीवर चहा, साखर, पीठ, खिळे, दोरखंड आणि समोरच्या बाजूस मद्याचा गल्ला. केरी काउंटीतील डिंगल गावात लोखंडी सामानाचे दुकान आणि पब यांची अशी जोडी आजही पाहायला मिळते. दारावरच्या पाटीवर बहुतेक वेळा कुटुंबाचेच नाव असते. पाटीवरचे नाव पिढ्यानपिढ्या सांभाळण्याचे मोल पेढीवर वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून पबमध्ये धूम्रपानास बंदी केली. संपूर्ण देशात अशी बंदी आणणारा तो जगातील पहिला देश ठरला. त्यामुळे आत धूर नसतो. चहा मागितला तर कोणी नवल करत नाही. पालकांसोबत लहान मुलांनाही आत बसता येते. मात्र पंधरा वर्षांखालील मुलांना ऑक्टोबर ते एप्रिल या काळात रात्री ९ पर्यंतच परवानगी असते. वाजवणारे बहुधा ९ च्या सुमारासच जमू लागतात. म्हणून मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाने रविवारी दुपारच्या किंवा संध्याकाळी लवकर सुरू होणाऱ्या बैठकीची आधी चौकशी करावी. ज्या घरात अशा जागी पाऊल न ठेवण्याचा नियम आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे: संगीतशाळा, चर्च आणि गावची सभागृहे येथेही हे संगीत वाजते.

भूक, स्थलांतर आणि कायदा

या संगीताची किंमत समजण्यासाठी त्याने काय सोसले हे जाणून घ्यावे लागते. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरीब शेतकऱ्याचे जवळजवळ सारे अन्न त्या एका पिकावर अवलंबून होते. पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक आणि साथीच्या रोगांनी मेली, तितक्याच माणसांनी देश सोडला. १८५१ साली लोकसंख्या सुमारे ६५ लाखांवर आली. आजही ती १८४१ च्या आकड्यापर्यंत पोहोचलेली नाही.

माणसे गेली, त्यांच्याबरोबर चाली गेल्या. या चाली बहुतांशी कागदावर नव्हत्या. बोटांत आणि कानांत होत्या. कॉर्क काउंटीत १८४८ साली जन्मलेले फ्रान्सिस ओनील अमेरिकेत शिकागो शहराचे पोलीसप्रमुख झाले. तेथील आयरिश स्थलांतरितांकडून त्यांनी चाली गोळा केल्या आणि १९०३ साली १,८५० चालींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मायदेशातील ठेव परदेशातील एका पोलीस अधिकाऱ्याने खतावणीत नोंदवून ठेवली, असे म्हणता येईल.

मायदेशीही अडचणी होत्या. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यासाठी परवाना सक्तीचा झाला. त्याचा आधार घेऊन स्वयंपाकघरात आणि गावच्या चौकात जमणाऱ्या मेळाव्यांवरही बडगा उगारला गेला, आणि घराघरांतील वादन मागे पडले. आज ज्याला पुरातन समजले जाते ते पबमधील सामूहिक वादन, म्हणजे ‘सेशन’, त्यामानाने अलीकडचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये मजुरीसाठी गेलेल्या आयरिश लोकांनी तेथील पबमध्ये एकत्र बसून वाजवायला सुरुवात केली; पुढे ही रीत मायदेशी रुजली. १९५१ साली पारंपरिक संगीताच्या जतनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. क्लेअरमधील मिलटाउन मॅल्बे येथे विली क्लॅन्सी नावाचे सुतारकाम करणारे थोर पाइप्सवादक होते. १९७३ च्या आरंभी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या नावाने उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. ती आजही भरते. डूलिनचे रसेल बंधूही शेती आणि मोलमजुरी करीतच वाजवत. संगीतावर पोट भरणे हा त्यांचा हेतू कधीच नव्हता.

श्रोत्यांसाठी नसलेली मैफल

हिवाळ्यातील एखाद्या आडवारी डूलिनमधील पबात शिरावे. शेगडी पेटलेली असते. कोपऱ्यातील टेबलाभोवती चार-सहा माणसे बसलेली दिसतात आणि त्यांतील काहींची पाठ आपल्याकडे असते. हा उद्धटपणा नव्हे. ती एकमेकांसाठी वाजवत असतात. व्यासपीठ नसते, ध्वनिक्षेपक नसतो, तिकीट नसते. हातात फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन. सहा छिद्रांची पत्र्याची बासरी. दोन्ही हातांत धरून भाता ओढायची कॉन्सर्टिना. आणि एखादे वेळी इलन पाइप्स. या शेवटच्या वाद्यात तोंडाने फुंकायचे नसते, कोपराखालच्या भात्याने हवा भरायची असते. २०१७ साली युनेस्कोने ही वादनकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली.

चाल साधी असते. आठ मात्रांच्या घरांचे नव्हे, तर आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा. सारी चाल बहुधा तीनदा वाजते आणि न थांबता दुसऱ्या चालीत मिसळते. प्रथम सर्व चाली सारख्याच भासतात. तिसऱ्या संध्याकाळी कानाला फरक कळू लागतो: सहाच्या ठेक्यात झुलणारी ‘जिग’ आणि चारच्या ठेक्यात धावणारी ‘रील’. मध्येच एखादी वृद्धा साथीशिवाय गाऊ लागली, तर गल्ल्यावरचा आवाजही थांबतो. उन्हाळ्याच्या गर्दीत ही शांतता दुर्मीळ होते.

येथे व्यापारी मनाला एक प्रश्न पडतोच: यांना पैसे कोण देतो? बहुतेक ठिकाणी पबमालक एक-दोघांना मानधन देतो, म्हणजे बैठक नक्की भरते. बाकीचे आपणहून येतात. मालकाचा खर्च निघतो तो विक्रीतून. म्हणूनच मद्य न घेणाऱ्या कुटुंबाने एका चहावर चार तास जागा अडवू नये. चहा, सरबत, पाण्याच्या बाटल्या मोकळेपणाने मागवाव्यात. वाजवणाऱ्यांच्या जवळची आसने रिकामी दिसली तरी त्यांवर बसू नये, ती उशिरा येणाऱ्या वादकांची असतात. चित्रण करण्यापूर्वी विचारावे. गाणे संपले की दाद द्यावी, फर्माईश मात्र टाळावी.

चुलीचा आणि सूर्याचा प्रश्न

डिसेंबरच्या मध्यात क्लेअरमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान मावळतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो पाचच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी त्यानुसार दिवस आखावा. त्यांना पबमध्ये पाणीही घेता येणार नाही; अशा वेळी दुपारची बैठक सोयीची. भोजन सूर्यास्तापूर्वी उरकल्यावर जी लांब रात्र उरते, तीच ऐकण्यासाठी आणि गप्पांसाठी मोकळी राहते.

स्वयंपाकघर असलेले घर घेणे हाच उत्तम मार्ग. तयार सूपमध्ये बटाटा, कांदा, गाजर हमखास असतात. उपाहारगृहांना अंडी, दूध, मासे यांसह चौदा घटकांची लेखी माहिती देणे बंधनकारक आहे, पण कांदा-लसूण त्या यादीत नाहीत. ते विचारावेच लागते. चीज प्राणिज रेनेटविना आहे का, हे वेष्टनावर पाहावे. पीठ, ताक, मीठ आणि सोडा एवढ्यावर होणारा पारंपरिक सोडा ब्रेड उपयोगी पडतो. मात्र विकतच्या पावात कधी अंडेही असते, तेव्हा खात्री करून घ्यावी. डाळ, तांदूळ, कोबी, मटार मोठ्या गावांतील दुकानांत मिळतात. शेंगेन व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही, हेही निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

निरोप

आठव्या दिवशी सामान बांधले जाते. गावातील दुकानदार एव्हाना नावाने हाक मारू लागलेला असतो, मुलाने पत्र्याची बासरी विकत घेऊन तिच्यातून दोन-चार सूर काढलेले असतात, आणि ज्या आजोबांनी घरून निघताना नाराजी दर्शवली होती तेच आदल्या संध्याकाळी शेवटची चाल संपेपर्यंत उठले नव्हते. त्यांनी हातात फक्त उकळलेल्या पाण्याचा पेला धरला होता, तोही सूर्यास्तापूर्वीच संपवलेला.

परतीचा मार्ग शॅनन विमानतळावरून असेल तर तेथे थोडे थांबावे. जगातील पहिले करमुक्त विमानतळ-दुकान १९४७ साली येथेच उघडले. व्यापाराच्या इतिहासात क्लेअरचे हे स्थानही मोठेच. परंतु घरी पोहोचल्यावर कुटुंबात बोलणे निघते ते बहुधा त्या कोपऱ्यातील टेबलाचे. आज रात्रीही तेथे चार-सहा माणसे जमतील आणि ऐकायला कोणी आले नाही तरी वाजवतील.