शहराचा विकास आराखडा टिकाऊ आहे का? नकाशा पाहताना तपासा या 4 गोष्टी

विकास आराखड्याचा नकाशा नगरपालिकेत लागला की बहुतेक जण आपला प्लॉट 'यलो झोन'मध्ये आहे की 'ग्रीन झोन'मध्ये, एवढेच पाहून परततात. पण पुढची 20 वर्षे शहराला पाणी पुरेल का, पावसात घरे बुडतील का, हेही त्याच नकाशावर ठरते. समृद्धी महामार्गालगत सावरगाव माळ येथे नवनगराचा प्रस्ताव मांडला गेल्यापासून बुलढाणा जिल्ह्यासाठी हा प्रश्न आणखी जवळचा झाला आहे.

1. पाणी कोठून येणार?
भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी निकष आहे माणशी रोज 135 लिटरचा. म्हणजे 1 लाख वस्तीला रोज 1.35 कोटी लिटर. बुलढाणा शहराची तहान येळगाव धरणावर अवलंबून आहे. आराखड्यात लोकसंख्या वाढवून दाखवली असेल, तर पाण्याचा वाढीव स्रोतही दाखवलेला हवा.

2. सांडपाणी कोठे जाणार?
वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. लोणार गाव विवराच्या काठावर वसले आहे. तेथील सांडपाणी उताराने सरोवरात उतरत राहिले आणि खाऱ्या पाण्याच्या या ठेव्याला धोका निर्माण झाला. 2020 मध्ये सरोवर 'रामसर' यादीत गेले. शुद्धीकरण केंद्राची जागा उतार पाहून निवडली आहे का, हे तपासा.

3. नाले मोकळे आहेत का?
जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांना अतिवृष्टीचा तडाखा बसला. निळी पूररेषा 25 वर्षांतून, तर लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर दाखवते. रहिवासी क्षेत्र या रेषांच्या आत येत असेल, तर हरकत घ्यायलाच हवी.

4. आरक्षणे कागदावरच राहणार का?
उद्यान, शाळा, मैदान यांसाठी राखलेली जागा 10 वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 नुसार नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. म्हणून आरक्षणांची संख्या मोजून भागत नाही. त्यासाठी पैसा कोठून येणार, हेही विचारावे.

हरकत कशी घ्याल?
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत किंवा सूचना देता येते. त्यावर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. अर्जात गट क्रमांक, नकाशातील जागा आणि हवा असलेला बदल स्पष्ट लिहा. पोहोच घ्यायला विसरू नका.